श्रावण गवंड्याचे चौसष्ट दिवस

मुलांनो, आज थोडं माझ्याबरोबर चला. डोळे मिटायचे नाहीत, उघडे ठेवूनच कल्पना करायची. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि चौथीत शिकता. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, सागाच्या आणि मोहाच्या जंगलाला टेकलेल्या पळसटोल्यात तुमचं घर आहे. साल एकोणीसशे शहाऐंशी. दर गुरुवारी सकाळी सगळी पोरं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातात आणि तुम्ही मात्र आपल्या बापाचं बोट धरून एस.टी.च्या फाट्यावर जाऊन उभे राहता. तो तुम्हाला कुठे नेत नाही. तुम्ही त्याला नेता. दिसलं का? आता त्या पोरीचं नाव सांगतो. तिचं नाव रुखमा. आजीच्या नावावरून ठेवलेलं, म्हणून वर्गातल्या पोरी तिला म्हातारी म्हणायच्या.

रुखमाचा बाप श्रावण गवंडी होता. आजूबाजूच्या पाच गावांत त्याच्या हातच्या भिंती उभ्या होत्या, आणि त्या सरळ होत्या. पण गेल्या चार-पाच वर्षांत दारूनं त्याचा हात धरला होता. सकाळी थापी उचलली की हात लटलट कापायचा, मग कापरं थांबवायला मोहाची घ्यायची, मग दिवस गेला तसाच जायचा. घरात भांडणं झाली, मारझोड झाली. शेवटी रुखमाची माय, सीता, धाकट्या बुधूला घेऊन गोंडपिपरीकडच्या आपल्या माहेरी निघून गेली. तिनं रुखमालाही हात धरून ओढलं होतं. रुखमा दाराची चौकट धरून बसली ती सुटलीच नाही.

"मंग राह्य तुह्या बापापाशी," माय म्हणाली होती, आणि पदर डोळ्याला लावून बैलबंडीत बसली होती.

तालुक्याच्या गावी एक दवाखाना होता. तिथे दर गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, नागपूरचे एक डॉक्टर यायचे. मनाचे आजार असलेली आणि दारू सोडू पाहणारी माणसं त्या दिवशी तिथे जमायची. भरती व्हायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. यायचं, डॉक्टरांना भेटायचं, ओसरीवर सतरंजी टाकलेली असायची तिच्यावर गोल करून बसायचं, आठवडा कसा गेला ते सगळ्यांसमोर सांगायचं, पुढच्या आठवड्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. हे सगळं चालवायच्या त्या खुर्शीदाबाई. गावातल्याच शिंप्याची लेक, चष्मा लावणारी, आवाज कधी न चढवणारी. ज्याला त्याला नावानं ओळखायच्या.

गोळीचा एक नियम होता. ती गोळी पोटात असताना माणूस दारू प्याला तर त्याचं तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, जीव जातो की काय असं वाटतं. त्या भीतीनं तो दारूपासून लांब राहावा असा गोळीचा बेत. पण गोळी रोज घ्यायला हवी, आणि ती घेतली हे बघायला घरचं एक माणूस हवं. त्या माणसानं गोळी पाण्यात विरघळवून आपल्या डोळ्यांदेखत प्यायला द्यायची आणि कार्डावरच्या चौकटीत खूण करायची. माणूस प्याला, तर डॉक्टर तिथे लाल शाईनं खूण करायचे.

"घरचं माणूस कोण?" पहिल्या दिवशी खुर्शीदाबाईंनी विचारलं.

"मी," रुखमा म्हणाली.

खुर्शीदाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग श्रावणकडे. "मोठं कोणी नाही?"

"हेच मोठं हाय आमच्या घरात," श्रावण मान खाली घालून म्हणाला.

आणि कार्डावर नाव पडलं : रुखमा श्रावण.

सीतेच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तिनं आपल्या भावाबरोबर, लटारूमामाबरोबर, निरोप पाठवला. तीन महिन्यांचं कार्ड पूर्ण भरलेलं दिसलं, एकही लाल खूण नसली, तर मी पोराला घेऊन परत येते. एक दिवस कमी नाही. रुखमानं त्या निरोपातला शब्द न् शब्द पाठ केला होता. शाळेत पाढे म्हणताना मध्येच तिला तो आठवायचा आणि पाढा चुकायचा.

सतरंजीवर बसणाऱ्यांत दोघं जण रुखमाला विशेष ओळखीचे झाले. एक गुलाम रसूल. भांड्यांना कल्हई करणारा म्हातारा माणूस, दाढी पांढरी, बोटं काळी. दुसरा झिंगू, जंगल खात्यात मजूर. झिंगूला गप्प बसणं माहीत नव्हतं.

गोलात आपली पाळी आली की आधी आपला दिवस सांगायचा. किती दिवस झाले न पिता, तो आकडा. मग बाकीचं.

"एकशे बारा," झिंगू सांगायचा, "आन बाई, आता माह्यी बायको म्हनते चहाबी सोडा. म्या म्हनलं, तुलेच सोडतो, चहा राहू दे."

सगळे हसायचे. श्रावणसुद्धा हसायचा. बापाला असं चारचौघांत, शुद्धीवर हसताना रुखमानं फार दिवसांनी बघितलं होतं.

गुलाम रसूल हसवायचा नाही. तो म्हणायचा, "देखो श्रावणभाऊ, मैं चार साल में पाँच बार गिरा. हर बार यहीं आके बैठा. इथी कोनी मारत नाई."

असे आठवडे चालले. आठ, पंधरा, बावीस. रोज सकाळी रुखमा पितळेच्या पेल्यात गोळी टाकायची, बोटानं ढवळायची, श्रावण एका घोटात प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. "जस्त चाटल्यावानी लागते," म्हणायचा. "भातबी जस्ताचा, वरनबी जस्ताचं. काई चवच लागत नाई तोंडाले." रुखमा कार्डावर खूण करायची आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचायची.

पळसटोल्यात बौद्ध वस्तीचा एक लहान विहार होता. रविवारी तिथे वंदना व्हायची. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, म्हणजे नशा करणार नाही असं जिथे म्हणायचं असतं तिथे, वस्तीतले चार-सहा पुरुष नेमके खोकायचे किंवा पोराचं नाक पुसायला लागायचे. श्रावण त्यांतलाच होता. चौथ्यापर्यंत म्हणायचा आणि ओठ मिटायचा. आठव्या आठवड्याच्या रविवारी रुखमा त्याच्या शेजारी बसली होती. पाचवं आलं. श्रावणनं ते हळू आवाजात, पण अक्षर न् अक्षर म्हटलं. रुखमानं मान वर केली नाही. तिला वाटलं, बघितलं तर मोडेल.

मग मोहाचे दिवस आले.

मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली असते, तिच्यावर पिवळट, गुबगुबीत फुलांचा सडा पडतो. घरोघरची बायामाणसं टोपल्या घेऊन जातात आणि ऊन चढायच्या आत वेचून आणतात. ती अंगणात वाळत टाकतात. सगळं गाव त्या दिवसांत गोड, जड वासानं भरलेलं असतं. त्या फुलांची दारू होते हे खरं. पण ती आधी खायची वस्तू आहे. भाजून खातात, उकडून खातात, कुटून लाडू करतात. पोरांच्या खिशात गोळ्या-बिस्किटं नसतात, मोहफुलं असतात.

रुखमानंही दोन टोपल्या फुलं वेचून आणली होती. श्रावणला त्या दिवसांत गोडाची फार हाव सुटली होती. दारू सोडलेल्यांना सुटते, असं खुर्शीदाबाईंनी सांगितलं होतं. एका सोमवारी रुखमाला आठवलं, माय वाळली फुलं भिजत घालायची, मऊ झाली की कुस्करायची, त्यात भाजलेल्या जवसाची पूड आणि गूळ घालायची. बाबा वाटी चाटून पुसून खायचे. तिनं मडक्यात फुलं घातली, पाणी ओतलं, वर झाकणी ठेवली. माय ती सकाळी भिजवून संध्याकाळी वापरायची. पण मंगळवारी शाळेत परीक्षेचा पेपर होता, आणि रुखमा मडकं विसरली.

बुधवारी दुपारी तिला आठवलं. चैताचं ऊन, पत्र्याचं छप्पर, दोन दिवस बंद मडकं. तिनं झाकणी काढली, वरवरची फुलं ओंजळीनं काढली, रसासकट कुस्करली, जवसाची पूड आणि मोठा गुळाचा खडा घातला. वास आला, पण वास तर सगळ्या गावालाच येत होता. बाप कामावरून जेवायला घरी आला होता. तिनं वाटी त्याच्या पुढे ठेवली.

"कायनं सुचलं वं तुले?" श्रावण म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

"माय करे तसं केलं."

त्यानं एक वाटी खाल्ली. मग दुसरी मागितली आणि ती प्यायल्यासारखी खाल्ली.

अर्धा तास झाला नसेल. श्रावण भिंतीला टेकून बसला होता. त्याचं तोंड आणि मान गेरूनं रंगवल्यासारखी लाल झाली. डोळ्यांत रक्त उतरलं. त्यानं छातीवर हात ठेवला, उठायला गेला आणि दारातच उलटी करत खाली बसला. धाप लागली. रुखमा किंचाळली तशी शेजारची केसरबाई धावत आली. तिनं पाणी मारलं, पंख्यानं वारा घातला.

"प्याला वाटते," केसरबाई म्हणाली. वाईट बोलायचं म्हणून नाही. तिनं असं ऐकलं होतं, की गोळीवर प्यालं की असंच होतं.

"नाई," श्रावण धापा टाकत म्हणाला. "नाई प्यालो."

तिन्हीसांजेपर्यंत तो पडून राहिला. हळूहळू लाली उतरली. रुखमा भांडी उचलायला चुलीपाशी गेली आणि तिनं मडक्यात डोकावलं. वर बारीक फेस आला होता. बुडबुडे फुटत होते. तो वास पळसटोल्यातल्या कोणत्याही पोराला कळतो. रुखमानं मडकं उचललं, परसात नेलं, उकिरड्यावर पालथं केलं आणि राखेनं तीनदा घासलं. मग ती तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. श्रावणच्या अंगात त्राण नव्हतं, पण तो स्वतःहून निघाला. त्याला ते सांगायचंच होतं. एस.टी.त खिडकीशी बसून तो एकदाच बोलला. "लोक काई म्हनले तरी डॉक्टरले समजते. ते शिकले हायत."

डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, सगळी हकीकत ऐकून घेतली. ते वाईट माणूस नव्हते. दिवसभरात साठ-सत्तर माणसं तपासायची आणि रात्रीची गाडी धरायची, एवढंच.

"श्रावण, गोळीवर असा त्रास दारूशिवाय होत नाही."

"मी प्यालो नाई, साहेब."

"खोकल्याचं औषध? ताकदीचं टॉनिक? शिंदी-ताडी?"

"काईच नाई."

"इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच म्हणतो," डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले. "पडलात यात लाज नाही. खरं सांगितलंत तर पुढचं सोपं जातं."

खुर्शीदाबाई रुखमापाशी खाली बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रुखमा, घरचं माणूस तू आहेस. काल बाबांनी काय खाल्लं?"

रुखमाच्या डोळ्यांपुढे मडकं आलं. त्याच्या मागोमाग आलं कार्डावरचं स्वतःचं नाव. मग माय आणि माय काय म्हणेल ते. पोरीच्या हातात औषध दिलं आणि पोरीनं बापाला दारू पाजली.

"भात," ती म्हणाली. "वरन."

श्रावणनं वळून तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यानं मान फिरवली आणि ओसरीच्या खांबाकडे बघत बसला.

डॉक्टरांनी कार्डावर लाल शाईनं खूण केली. खूण झाली की आकडा पहिल्यापासून सुरू करायचा, असा सतरंजीवरचा नियम होता. गोल बसला. गुलाम रसूलनं आपला आकडा सांगितला, झिंगूनं सांगितला. श्रावणची पाळी आली.

"श्रावणभाऊ?" खुर्शीदाबाई म्हणाल्या.

"चौसष्ट," श्रावण म्हणाला.

 झिंगूनं पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा दोरा उकरला. "एक म्हन न बाप्पा," तो हळूच म्हणाला. "म्याबी म्हनलं होतं. एक म्हनाले काई लागत नाई."

"चौसष्ट," श्रावण पुन्हा म्हणाला.

बाजारात लटारूमामा भेटला. सीतेचा निरोप घेऊनच आला होता, की महिन्याभरात बिऱ्हाड आवरून निघते, पोराच्या शाळेचं बघून ठेवा. बोलता बोलता त्यानं रुखमाच्या हातातलं कार्ड घेतलं. मामाला अक्षर लागत नव्हतं, पण लाल रंग समजत होता. त्यानं कार्ड परत दिलं आणि श्रावणकडे न बघता म्हणाला, "तिले काय सांगू मंग मी? जे हाय तेच सांगन."

"सांग," श्रावण म्हणाला.

त्या रविवारी विहारात पाचव्या शीलाशी श्रावण थांबला. सोमवारी सकाळी रुखमानं पेला पुढे केला तेव्हा त्यानं तो घेतला, अंगणात गेला आणि आपल्याच पायांवर ओतून टाकला. चिडून नाही. पाय धुतल्यासारखा.

"बाबा, गोळी."

"कायले?" तो म्हणाला. "न पिऊनबी प्यालोच ना मी. मंग गोळी तरी कायले पायजे?"

आठवडाभरानं गोळीचा जोर अंगातून गेला. नाल्याच्या अंगाला जिथे हातभट्टी लागायची तिथे श्रावण दिसू लागला. पहिल्यांदा संध्याकाळी, मग दुपारी. गवंडीकाम अर्धं टाकून आला म्हणून पाटलाचा माणूस घरी दोनदा येऊन गेला. आढ्यातल्या पिशवीत कार्ड तसंच होतं. रुखमा त्याला हात लावत नव्हती. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. तीन गुरुवार चुकले की नाव कमी होतं, हे तिला माहीत होतं.

ती शाळेत जाई, येई, चूल पेटवी.   तिला वाटे, मी त्या दिवशी मडक्याचं सांगितलं असतं तर बाबांचे चौसष्ट दिवस कोणी घेतले नसते. आणि नाही सांगितलं, म्हणून घेतले. या दोन वाक्यांच्या मध्ये ती जात्यातल्या दाण्यासारखी फिरत होती.

तिसऱ्या बुधवारी ती सकाळीच उठली. बाप अजून नाल्याकडे गेला नव्हता. ओट्यावर उकिडवा बसून थापीवरचा वाळलेला चुना नखानं खरवडत होता. हात कापत होते, त्यामुळे थापी दगडावर टकटक वाजत होती.

"बाबा," रुखमा म्हणाली, "त्या दिवशी मडक्यातली फुलं आंबली होती. दोन दिवस राह्यली होती. म्या पाह्यलं नाई. मंग म्या मडकं घासून टाकलं आन बाईले सांगतलं नाई."

श्रावण नखानं खरवडतच राहिला.

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"उलटी झाली तवाच समजलं. तोंडाले चव नोती, पन नाकातून वापस आलं तवा वास आला. इतके वर्स पेलो मी, मले वास नाई समजन?"

"मंग काऊन नाई सांगतलं तुमी?"

श्रावणनं थापी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीखाली दाबले, म्हणजे कापणार नाहीत. "तू भात-वरन म्हनली. म्या म्हनलं, पोरगी भेली. आता म्या सांगतलं तं पोरगी खोटी पडते. आन ते म्हनले असते, पोरीच्या हातात औषध कायले देता, धाडा तिले मायपाशी." तो थोडा थांबला. "मंग घरचं मानूस कोन राह्यलं असतं माह्यं?"

रुखमाला रडू आलं नाही. त्याच्या पलीकडचं काहीतरी आलं, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं.

"मी सांगू आता? दवाखान्यात?"

"आता काय सांगतं," श्रावण म्हणाला. "तवा पेलो नोतो. आता तं पेऊनच राह्यलो. आता ते लाल खूण खरी झाली." तो उठला, दोनदा तोल सावरला, आणि नाल्याच्या वाटेला लागला. थापी ओट्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रुखमा आढ्यातली पिशवी काढून एकटीच फाट्यावर गेली. कंडक्टर ओळखीचा होता.

"आज बाबा कुठी हायत?"

"घरी."

"मंग तू एकटी कायले चाल्ली?"

"काम हाय," रुखमा म्हणाली.

सतरंजीवर गोल बसलेला होता. ती चप्पल काढून श्रावणच्या जागेवर, गुलाम रसूल आणि झिंगूच्या मध्ये जाऊन बसली. खुर्शीदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पाळ्या सुरू झाल्या. झिंगू एकशे ऐंशीच्या घरात होता, पण त्या दिवशी त्यानं बायकोचा विनोद केला नाही. मग सगळे रुखमाकडे बघू लागले.

ती उभी राहिली. शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी, हात बाजूला सरळ सोडून.

"बाबा त्या दिवशी पेले नोते. म्या भिजवलेली मोहफुलं त्याइले खाऊ घातली. ती आंबली होती. तुमी इचारलं तवा म्या भात-वरन सांगतलं. ते चौसष्ट दिवस खरे होते."

ओसरीवर बाजाराचा गलका ऐकू येत होता. झिंगूनं कपाळावर हात मारला. "आमच्या घरी तं रोज मडकं राह्यते," तो पुटपुटला. "हे कोनाच्या डोस्क्यात कसं नाई आलं?"

 गुलाम रसूलनं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि पुन्हा घातली.

खुर्शीदाबाई तिला डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. त्यांना मोहाची दारू माहीत होती, फुलं खातात हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मग कार्ड घेतलं, लाल खुणेवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि भिंतीवरच्या यादीत, काय खाऊ नये त्या यादीत, स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली.

"आता गोळ्या द्या," रुखमा म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्शीदाबाईंकडे पाहिलं.

"बेटा," खुर्शीदाबाई म्हणाल्या, "पिणाऱ्याला ही गोळी देता येत नाही. जीव जाईल. त्यांनी आधी स्वतः यायला पाहिजे."

"ते येतीन का?"

 खुर्शीदाबाईंना लहान मुलांशी खोटं बोलायची सवय नव्हती. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी ते इथे आले कारण त्यांना वाटलं, इथे आपलं ऐकतील. आम्ही ऐकलं नाही. आता येतील असं मी तुला सांगू शकत नाही. मी शनिवारी गावात येऊन भेटेन त्यांना. नाव काढणार नाही, एवढं करते."

रुखमानं मान हलवली. कार्डाकडे पाहिलं. लाल खूण खोडली होती, पण त्या सोमवारपासूनच्या चौकटी कोऱ्या होत्या, आणि त्या कोणी खोडू शकत नव्हतं.

"तुझ्या आईला पत्र लिहू का मी?" खुर्शीदाबाईंनी विचारलं. "लिहिते, की त्या दिवशी त्यांची चूक नव्हती. चौसष्ट दिवस खरे होते. तेवढंच लिहू. बाकीचं आत्ता नको."

"मले लिहिता येते," रुखमा म्हणाली.

खुर्शीदाबाईंनी तिला एक आंतरदेशीय पत्र दिलं आणि आपलं पेन दिलं. रुखमा बाकावर बसली, पत्र मांडीवरच्या कार्डावर ठेवलं. मायला वाचता येत नव्हतं. बुधूच्या शाळेचे गुरुजी तिला मोठ्यानं वाचून दाखवतील, म्हणून तिनं अक्षर मोठं आणि सुटं काढलं. मडक्याचं लिहिलं. घासून टाकल्याचं लिहिलं. डॉक्टरांनी खूण खोडली ते लिहिलं. बाबा चौसष्ट दिवस पेले नाईत, असं लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

तिथे ती थांबली. एवढंच राहू दिलं तर माय येईल, हे तिला समजत होतं. पुढच्या गुरुवारच्या आत बैलबंडी दाराशी उभी राहील, बुधू उडी मारून उतरेल. आणि मग माय घरात पाऊल टाकील, आणि संध्याकाळी बाबा नाल्याकडून येतील.

खुर्शीदाबाई दारात उभ्या होत्या. रुखमानं पेन पुन्हा कागदावर टेकवलं आणि खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, लिहिलं : आता पितात. मग तिनं जीभ फिरवून पत्राची कड ओली केली, घडी चिकटवली, आणि टपालपेटी कुठे आहे ते खुर्शीदाबाईंना विचारलं.